या गाडीला कंडक्टर नाही

ज्या माणसाविषयी मी लिहीत आहे त्यांचे नाव ग्यानोबा वडजे. ते माझे यजमान आहेत. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली, पण उखाण्याशिवाय हे नाव मी कधी तोंडाने घेतलेले नाही. आमच्या साक्षरता वर्गाच्या राजश्रीबाईंचे म्हणणे असे की, ज्याची हकिकत लिहायची त्याचे नाव पहिल्याच ओळीत आले पाहिजे, नाहीतर वाचणारा चाचपडत राहतो. म्हणून मी ते लिहिले आहे आणि पुढेही लिहीन.

आमचे लोहा हे गाव नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथील बसस्थानकाच्या फाटकाजवळ ग्यानोबांनी एकोणतीस वर्षे सायकल स्टँड चालवले. परंतु लोक त्यांना सायकलींपेक्षा डब्यांमुळे अधिक ओळखत. आसपासच्या खेड्यांतील मुले शिकवणीसाठी लातूरला राहत. त्यांच्या आया भाकरी-भाजी करून डबे ग्यानोबांपाशी आणून देत. ग्यानोबा प्रत्येक डब्याला फडके बांधत, गाठीत नावाची चिठ्ठी अडकवत आणि साडेसातच्या लातूर गाडीत ड्रायव्हरच्या मागे ते रचून ठेवत. मग कंडक्टरला बजावत, "तिसरा डबा ज्या पोरीचा हाय तिला उशीर होतो. थांबू नका, चौकशीच्या खिडकीत ठेवून द्या." गाडी फाटकाबाहेर पडली की ते हात झटकत आणि त्या डब्यांचा पुन्हा विचार करत नसत. "दिला की पोचला," असे ते म्हणत. एकोणतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही डबा चुकला नाही. ही गोष्ट मी स्टँडवरील चार जुन्या माणसांना विचारून मगच लिहिली आहे.

लातूरला इतके डबे पाठवणारा हा माणूस स्वतः मात्र लातूरला जात नसे. त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे.

ग्यानोबांची धाकटी बहीण चंद्रप्रभा लातूरच्या आनंदराज यांना दिली होती. आनंदराज तेथे शाळेत गणित शिकवत. त्यांची मुलगी सुकन्या हिचा जन्म रीतीप्रमाणे आमच्या घरी, लोह्याला झाला. दुसऱ्या खेपेलाही चंद्रप्रभाला आणावे म्हणून ग्यानोबा गेले, तेव्हा आनंदराज म्हणाले की लातूरला मोठे डॉक्टर आहेत, तिला येथेच राहू द्या. ती तेथेच राहिली. बाळंतपणात ती गेली आणि बाळही गेले. सुकन्या त्या वेळी पावणेदोन वर्षांची होती. स्मशानातून परत आल्यावर ग्यानोबा दारातच थांबले आणि म्हणाले, "दाजी, ह्या घरचं पाणी आता मला न्हाई." त्यानंतर तीस वर्षे ते त्या घरी गेले नाहीत. सुकन्याच्या लग्नात मामा म्हणून ते तिच्या मागे उभे राहिले, परंतु ते कार्यालयात. आनंदराजांशी ते एक शब्दही बोलले नाहीत.

तरी सुकन्यासाठी दर शनिवारी आमचा डबा जात असे. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करून देत असे. लातूरच्या स्टँडवर तो डबा आनंदराज उतरवून घेत. रिकामे भांडे परत पाठवू नये म्हणून परतीच्या डब्यात प्रत्येक वेळी मूठभर साखर असे. ग्यानोबा ती साखर चहात घालत आणि म्हणत, "सुकन्या लई शहाणी पोर हाय. इतकुशी असून साखर घालून पाठवती." दोन वर्षांच्या मुलीचा हात साखरेच्या डब्यापर्यंत पोचत नाही, हे त्यांना कळत होते किंवा नाही ते मला माहीत नव्हते. मी कधी विचारले नाही.

आता मूळ हकिकत सांगते.

सुकन्या पुण्याला संगणकाचे काम करते. करोनाच्या काळात ती सात महिने आमच्या घरी राहिली आणि येथूनच तिने नोकरी केली. जाताना तिचा जुना संगणक आणि इंटरनेटची तार ती आमच्याकडेच ठेवून गेली. गेल्या हिवाळ्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी वडिलांकडे लातूरला आली. डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठू नये असे सांगितले. पडून पडून तिच्या मनात भीती शिरली. एके दिवशी तिचा मला फोन आला.

"मामी, आईचा आवाज कसा होता गं?"

मी पुष्कळ प्रयत्न केला. गोड होता, जरा घोगरा होता, असे काहीतरी म्हणाले. परंतु आवाज कसा होता हे सांगता येत नाही, असा अनुभव मला आला. तिकडे ती रडू लागली. म्हणाली, "मला दवाखान्यात जायच्या आधी एकदा ऐकायचा होता."

त्या दिवशी ग्यानोबांनी लोखंडी पेटी उघडली. तिच्या तळाशी चंद्रप्रभाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. ती घेऊन ते नांदेडला गेले. तेथील दुकानदाराने कॅसेटवरचे सगळे उतरवून पेनड्राइव्हमध्ये भरून दिले, पण ते करताना शेवटी टेप तुटून तिचा गुंता झाला. म्हणजे आता कॅसेट उरली नव्हती. सुकन्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे ग्यानोबांनी ती फाईल आमच्या संगणकात ठेवली. मग पेनड्राइव्ह एका पिशवीत बांधून त्यांनी शनिवारच्या डब्यात घातला. डब्यात लिंबाचे लोणचेही होते. चाकूरच्या पुढे गाडीने कोठेतरी जोरात आचका दिला असावा. पेनड्राइव्ह लातूरला पोचला तेव्हा तो लोणच्याच्या खारात बुडालेला होता आणि काही केल्या चालेना.

"दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये घालून पाठवता का, मामा?" सुकन्याने विचारले.

"न्हाई," ग्यानोबा म्हणाले. "प्रभाला मी पुन्हा डब्यात घालणार न्हाई."

मोबाईलवरून एवढी मोठी फाईल जात नव्हती. तेव्हा सुकन्या म्हणाली की तिने आपल्या कामासाठी त्या संगणकात एक साधन घालून ठेवलेले आहे. त्याने फाईल एका संगणकातून दुसऱ्या संगणकात थेट जाते. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक काळी खिडकी उघडते आणि तिच्यात हुकूम लिहावा लागतो. ग्यानोबा दहावीपर्यंत शिकले आहेत आणि बसच्या पाट्यांमुळे त्यांना इंग्रजी अक्षरे येतात. मला वर्गात इंग्रजीची मोठी अक्षरे शिकवली आहेत. बारीक अक्षरे पुढच्या सत्रात आहेत, म्हणून त्या खिडकीत माझा उपयोग नव्हता.

मंगळवारी सकाळी सुकन्याने सगळे सांगितले. इंग्रजीत 'सेंड' लिहायचे, पुढे फाईलचे नाव, मग एंटर. त्यावर संगणक एक कोड देईल. "तो मला सांगा, मामा. दुसऱ्या कुणाला सांगू नका," असे म्हणून तिने फोन ठेवला, कारण तिला तपासायला नर्स आली होती.

ग्यानोबांनी एका बोटाने हुकूम लिहिला. काळ्या खिडकीत पांढरा कोड उमटला. एक आकडा आणि दोन इंग्रजी शब्द, मध्ये आडव्या रेघा. सात, बास्केट, टायगर.

"लावू का तिला फोन?" मी विचारले.

"येडी का काय तू? कोड फोनवर सांगतेत व्हय? बँकेची बाई रोज फोनात बोंबलून सांगती, कोड कुणालाच सांगू नका."

"ती बँकेचा म्हणते. ही आपली सुकन्या हाय."

"कोड तो कोड."

त्यांनी तो कोड सुवाच्य अक्षरात एका कागदावर लिहिला, कागदाच्या चार घड्या केल्या आणि धपाट्यांच्या खाली ठेवून डबा बांधला. साडेअकराच्या लातूर गाडीच्या कंडक्टरला तो देऊन ते घरी आले. मग त्यांनी संगणक बंद केला आणि त्यावर माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकला. ते हात झटकून जेवायला बसले.

तीन वाजता सुकन्याचा फोन आला.

"मामा, तुम्ही कोड डब्यात पाठवलात?"

"हाव. मिळाला न्हवं?"

"मिळाला. चौकशीच्या खिडकीतून फोन आला, बाबांनी स्टँडवरून आणला. पण इथे काहीच येत नाहीये. तुमचा संगणक चालू आहे ना?"

"बंद केला की. पाठवून झाल्यावर कशाला चालू ठेवू?"

पलीकडे ती हसत असल्याचे कळले. "मामा, अजून पाठवलंच नाहीये हो. फाईल तुमच्यापाशीच आहे. संगणक बंद केला तेव्हाच तो कोड मेला."

'मेला' हा शब्द ऐकताच ग्यानोबा उठले. लुगडे ओढून त्यांनी संगणक सुरू केला, फाईल शोधली आणि ती दिसल्यावर खाली बसले. "हाय. प्रभा हाय," ते मला म्हणाले.

सुकन्याने त्यांना पुन्हा समजावले. तिचे बोलणे मला चांगले आठवते, कारण मीही कान देऊन ऐकत होते.

"मामा, ही एसटी नाही. मध्ये गाडी नाही, कंडक्टर नाही, चौकशीची खिडकी नाही. तुमचा हात आणि माझा हात, एवढंच आहे. दोघांनी एकाच वेळी हात पुढे धरला तर वस्तू जाते. एकानं मागे घेतला की संपलं."

"मग रस्त्यात ती कुणाच्या ताब्यात असती?"

"कुणाच्याच नाही."

"असं कसं? जबाबदारी कुणाची?"

"दोघांची."

"दोघांची म्हंजे कुणाचीच न्हाई," ग्यानोबा म्हणाले. "एकाची पायजे."

बुधवारी त्यांनी मन घट्ट करून कोड फोनवर सांगण्याचे मान्य केले. नवा हुकूम लिहिला आणि संगणकाने नवा कोड दिला. परंतु ग्यानोबांनी मंगळवारचा कोड पाठ करून ठेवला होता आणि मोठ्या विश्वासाने तोच सांगितला. तिकडे सुकन्याने तो लिहिला आणि दोन्हीकडे खटका पडला. चुकीचा कोड एकदा जरी मारला तरी खरा कोडही रद्द होतो, असे तिने सांगितले.

"दर खेपेला नवा? मग पाठ करून उपयोग काय?"

"पाठ करायचाच नसतो, मामा. एसटीचं तिकीट पाठ करता का तुम्ही?"

हे त्यांना पटले. तिसरा कोड त्यांनी खिडकीत बघून सांगितला. पांढरी रेघ सरकू लागली आणि तिच्यापुढे टक्के वाढू लागले. ग्यानोबांनी मला दाराशी उभे केले आणि संगणकाला कोणीही हात लावायचा नाही असे बजावले. त्यांनी स्वतःही हात लावला नाही. ते पाच फूट लांब खुर्ची घेऊन, मांडीवर हात ठेवून बसून राहिले. वीस टक्के झाल्यावर पडदा एकाएकी काळा पडला. तिकडे सुकन्याची रेघ थांबली. या संगणकाला बराच वेळ कोणी हात लावला नाही तर तो झोपतो, हे आम्हाला माहीत नव्हते. आणि त्याला कोणी हात लावू नये म्हणून तर आम्ही दोघे पहारा करत होतो.

"आता पुढं वीस टक्क्यापासून जाईल न्हवं?" त्यांनी विचारले.

"नाही मामा. पहिल्यापासून."

"माळाकोळीपर्यंत गेलेली गाडी पुन्हा लोह्यापासून सोडायची? हे कोणतं शास्त्र?"

सुकन्या दमली होती. उद्या सकाळी करू, असे ठरले.

गुरुवारी सकाळी साडेनऊला तिचा फोन आला तो दवाखान्यातून. रात्री तिचे ब्लडप्रेशर वाढले होते. तिचा आवाज फार बारीक येत होता.

"मामा, दोन वाजता मला ऑपरेशनला आत नेणार आहेत. लॅपटॉप घरीच राहिलाय. सासूबाई माझ्यापाशी आहेत, म्हणून बाबांना घरी पाठवलंय. मी त्यांना सगळं कागदावर लिहून दिलंय. तुम्ही त्यांना कोड सांगा. फाईल आली की ते लॅपटॉप इकडे घेऊन येतील. दोनच्या आत, मामा. मला आत जायच्या आधी ऐकायचंय."

ग्यानोबा म्हणाले, "कोड दुसऱ्या कुणाला सांगू नका, म्हणली होतीस."

"बाबांना सांगा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्यांनी हुकूम लिहिला. कोड आला. ते त्याच्याकडे बघत बसले. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजायला पाच मिनिटे होती.

"तू बोल," ते मला म्हणाले. "मी वाचतो, तू फोनात म्हण."

मी त्यांच्या शब्दाबाहेर सहसा जात नाही. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, "सुकन्यानं काय सांगितलं होतं? मधे कंडक्टर न्हाई."

"ते संगणकाचं सांगितलं तिनं."

"मला तेवढं बारीक कळत न्हाई. मला मोठीच अक्षरं येतेत."

मी आनंदराजांचा नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. "भावजी, हे बोलतेत," एवढे म्हणून मी चुलीकडच्या दारात जाऊन उभी राहिले.

तिकडे लातूरच्या रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता.

"हॅलो," आनंदराज म्हणाले.

"हां. मी लोह्याहून."

"हो. सांगा. वही घेतली आहे."

"दोन."

"दोन."

"आडवी रेघ. मग मार्केट. मग पुन्हा आडवी रेघ. मग पायलट."

"मार्केट. पायलट. थांबा, मला एक एक अक्षर शोधावं लागतं." बटणांचा टक टक आवाज आला. मध्ये इतका वेळ गेला की मला वाटले फोन तुटला. "लिहिलं. एंटर मारू का?"

"मारा."

"काहीतरी विचारतंय."

"काय विचारतंय?"

"लोह्याहून वस्तू आली आहे, घ्यायची का, असं विचारतंय. हो किंवा नाही."

"मग घ्या की."

"घेतो," आनंदराज म्हणाले.

दोन्हीकडच्या रेघा सरकू लागल्या. ग्यानोबांनी घाम पुसला. पलीकडून आवाज आला, "मग आता फोन ठेवू?"

"ठेवू नका!" ग्यानोबा इतक्या जोरात ओरडले की माझ्या हातातले भांडे पडले. "दोघांचा हात पुढं पायजे, म्हणली ती. तुम्ही ठेवला अन् तिकडं तुटलं तर?"

"फोन ठेवल्यानं तुटेल का?"

"मला ठावं न्हाई. तुम्हाला ठावं हाय?"

"नाही. माझा विषय गणित."

"मग ठेवू नका."

अशा रीतीने तीस वर्षे न बोललेली ही दोन माणसे फोन धरून बसली. ग्यानोबा दर दोन मिनिटांनी माऊस हलवत, म्हणजे संगणकाला झोप लागू नये. मी फोनला चार्जर लावून दिला. सुरुवातीला ते फक्त आकडे बोलत होते.

"चार झाले."

"माझ्याकडेही चार."

"सहा."

"इकडं पाच. न्हाई, झाले सहा."

आनंदराजांनी वहीत हिशेब मांडला आणि सांगितले की एका टक्क्याला पावणेदोन मिनिटे लागतात. दहा वाजून दहा मिनिटांनी सुरुवात झाली आहे, तेव्हा एक वाजून पाच मिनिटांनी पूर्ण होईल. दवाखान्यात पोचायला वीस मिनिटे.

"म्हंजे दीडच्या आत," ग्यानोबा म्हणाले. "टाइमात हाय गाडी."

एकवीस टक्के झाले तेव्हा ते लातूरच्या रस्त्यावरचे गाव सांगावे तसे म्हणाले, "माळाकोळी गेली." काल येथेच सगळे थांबले होते. आज रेघ पुढे गेली. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि बोटाने चहाची खूण केली. मी दोन कप केले. ग्यानोबांनी एक घोट घेतला आणि फोनकडे तोंड करून विचारले,

"दाजी, डब्यात साखर तुम्हीच घालत होता न्हवं?"

"हो."

"मला ठावं होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या शनिवारापासून. पोरीचा हात कुठं पुरतोय फळीवर."

हे ऐकून मी चहा सांडला, कारण मी तीस वर्षे त्यांना भोळे समजत आले होते.

त्रेचाळीस टक्के झाले तेव्हा ग्यानोबा म्हणाले, "अहमदपूर." आनंदराज म्हणाले, "तुमच्या डब्याच्या गाडीला अहमदपूरला चहासाठी फार वेळ थांबवतात." ग्यानोबा म्हणाले, "ते कंडक्टरवर हाय." मग पुष्कळ वेळ आकडेच आकडे.

चाकूरच्या सुमाराला, म्हणजे पासष्ट टक्क्यांपाशी, आनंदराजांचा आवाज बदलला.

"ग्यानोबाराव, तुम्ही तिला न्यायला आला होतात. मी नको म्हणालो."

ग्यानोबांचा हात माऊसवर थांबला. मला भीती वाटली की आता ते फोन ठेवतील, आणि मग फाईलचे काय होईल ते कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी फोन ठेवला नाही.

"तवा लोह्यात काय होतं?" ते हळू म्हणाले. "एक नर्स. तीबी बुधवारची बुधवार. मी नेलं असतं तर..." ते मध्येच थांबले. "सदुसष्ट झाले."

"सदुसष्ट," आनंदराज म्हणाले.

आष्टामोड गेले. नव्याण्णववर रेघ अडकली आणि किती तरी वेळ हलेना. मी देवाला हात जोडणार तोच पलीकडून आवाज आला.

"संपलं म्हणतंय. पूर्ण झालं म्हणतंय."

"पोचली?"

"पोचली."

"तशी न्हाई. उघडून बघा. हलतीय का बघा."

फोनमधून आधी खरखर आली, मग बँडचा आवाज, मग बायकांचा गलका. आमच्याच अंगणातला मांडव होता तो. "नाव घे, नाव घे," असे बायका म्हणत होत्या, त्यांत माझाही आवाज होता. मग चंद्रप्रभा बोलू लागली. तिने उखाण्याची पहिली ओळ म्हटली, दुसरी विसरली, आणि हसली. "अगं बाई, विसरले की," ती म्हणाली. "थांबा, पुन्यांदा घेते." तिचा आवाज गोडही नव्हता आणि घोगराही नव्हता. मी सुकन्याला चुकीचे सांगितले होते.

तीच फाईल ग्यानोबांच्या समोर संगणकात होती. ती उघडून बघणे त्यांना सुचले नाही. ते फोनवर वाकून ऐकत राहिले.

"मी निघतो," आनंदराज म्हणाले. "एक वाजून आठ मिनिटं झालीत."

"निघा, निघा. रिक्षा करा."

"मग फोन ठेवू?"

ग्यानोबांनी पडद्याकडे बघितले, फोनकडे बघितले. "ठेवा आता," ते म्हणाले.

दोनला दहा मिनिटे कमी असताना सुकन्याच्या फोनवरून एकच वाक्य आले. "मामी, आई माझ्यासारखीच विसरभोळी होती." पुढे सव्वातीनला आनंदराजांनी कळवले की मुलगी झाली आणि दोघी सुखरूप आहेत. हा फोन त्यांनी मला केला नव्हता, ग्यानोबांना केला होता.

चार दिवसांनी सुकन्याला हे सगळे सांगितले तेव्हा ती इतकी हसली की तिला टाके दुखू लागले. कोड देऊन झाल्यावर फोन पहिल्याच मिनिटाला ठेवला असता तरी चालले असते, असे ती म्हणाली. फोनचा आणि फाईलचा काही संबंध नव्हता.

"मग तसं आधी सांगायला पायजे होतं," ग्यानोबा म्हणाले. परंतु ते रागावलेले दिसले नाहीत.

त्यांच्या दोन शंका मात्र अजून फिटलेल्या नाहीत. त्या मी येथे लिहून ठेवते, वाचणाऱ्यांपैकी कोणाला माहीत असल्यास कळवावे. पहिली शंका अशी की, दहा वाजून दहा मिनिटांपासून एक वाजून पाच मिनिटांपर्यंत मधल्या वाटेवर ती फाईल नेमकी कोठे होती. दुसरी अशी की, डबा दिला म्हणजे आपल्याजवळ डबा राहत नाही. येथे त्यांनी फाईल दिली, आनंदराजांनी घेतली, तरी ती आमच्या संगणकात जशीच्या तशी आहे. "मग मी दिलं काय?" असे ते मला विचारतात.

त्यानंतरच्या शनिवारी मी धपाटे, चटणी आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू असा मोठा डबा बांधला. ग्यानोबा तो घेऊन साडेसातच्या गाडीकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत. दुपारी मी स्टँडवर जाऊन विचारले. पानवाला म्हणाला, "मामा तर गाडीत बसून गेले की. कंडक्टर डबा मागत होता, तर म्हणले, तू तिकीट फाड."

सहा वाजता ते आले आणि त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. मी उघडला. आत साखर होती.

"पाणी घेतलं का तिथलं?" मी विचारले.

"चहा घेतला," ते म्हणाले. "लई गोड करतेत."

मग ते संगणकापाशी गेले. त्या गुरुवारपासून तो चालूच आहे. मी त्यावर लुगडे झाकायला गेले की ते मला अडवतात. विजेचा विनाकारण खर्च होतो, असे मी त्यांना सांगितले. त्यावर ते माऊस थोडा हलवून म्हणाले, "असू दे. तिकडून काही यायचं असलं तर?"